चालू स्थितीतला फ्रीज

यंदा ऊन वेळेआधीच येऊन बसलं. दुपारी पत्र्याला हात लावायची सोय उरली नाही. जनावरं जिभा बाहेर काढून सावलीला उभी राहायला लागली आणि अशात एक दिवस गावात जीप आली. जीपवर कर्णा होता. जुना फ्रीज द्या, नवा घ्या, नव्याला वीज निम्मी लागते, सवलत सरकारची. जीप गावातून दोनदा फिरली आणि गावातली एकूण एक बाई आपल्या घरातल्या फ्रीजकडे वाकड्या नजरेने बघायला लागली.

घोडं एकाच ठिकाणी अडत होतं. जुना फ्रीज चालू स्थितीत पाहिजे, आणि ते बघायला सरकारी साहेब घरोघरी येणार. बंद पडलेला फ्रीज वीज खातच नाही, मग तो बदलून सरकारचं काय वाचणार? म्हणणं बरोबरच होतं. पण गावातले निम्मे फ्रीज कधीचेच मेलेले होते. कुणाच्या फ्रीजमध्ये बियाणं होतं, कारण त्यात उंदीर शिरत नाही. कुणाच्यात कपडे, कुणाच्यात चपला. पतपेढीच्या शिपायाने तर त्यात कोंबडी अंड्यांवर बसवली होती. अंड्यांच्या कप्प्याची तेवढी तरी लाज राखली, असं लोक म्हणायचे.

आता ही सगळी मढी उठून मिस्त्रीच्या दारात आली. हातगाडीवरून, बैलगाडीतून, दोघांच्या खांद्यावरून.

"कायमचा नको करूस. एक दिवस चालव फक्त. साहेब बघून जाईपर्यंत," प्रत्येक जण म्हणायचा.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे घरापुढची पत्र्याची पडवी. त्यात तो आणि त्याची बायको. लोक तिला मिस्त्रीणच म्हणत आणि ते काही चुकीचं नव्हतं. पाईप धरायचा, पान्हा हातात द्यायचा, गळतीवर साबणाचा फेस लावून बुडबुडा कुठे येतो ते बघायचं, हे सगळं ती करायची. मिस्त्री मितभाषी, हाडकुळा, आणि कामाच्या बाबतीत नको तेवढा हट्टी. अर्धवट काम त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. दुसरे मिस्त्री भोकावर लुकणाचा चिकट लगदा थापून मोकळे व्हायचे. हा तांब्याचा पाईप घासून चकचकीत करणार, मग जोड देणार आणि जोडावरून अंगठा फिरवून बघणार. त्यापायी लोक खोळंबायचे, शिव्या द्यायचे आणि पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

फ्रीजचा गॅस मात्र संपला. पेठेतला दुकानदार म्हणाला, उन्हाळा आहे, महिना लागेल. इकडे साहेब तर आठवड्यात येणार. मिस्त्री दिवसभर पडवीत बसून राहिला. संध्याकाळी उठला, स्वयंपाकघरात गेला आणि शेगडीची नळी काढायला लागला.

"अहो, सिलिंडर कुठे नेताय? भाजी अर्धी कच्ची आहे माझी."

"आणतो परत."

त्याने तो परत आणला, पण हलका करून. आणि शिपायाच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, कोंबडीची पिसं अजून चिकटलेली होती तिथे, पांढरं दव धरलं. मिस्त्रिणीने तोंडात बोट घातलं.

"हे पेटतं ना हो?"

"पेटतं की. म्हणून तर शेगडीत घालतात." मग तिचा चेहरा बघून तो जरा मवाळ झाला. "अगं, ही पाईपं चाळणी झालेली आहेत. दोन दिवसांत सगळा उडून जाईल. साहेबाने हात घालेपर्यंत टिकला म्हणजे झालं."

टिकण्यासाठी गळती बुजवावी लागत होती. ती तो बुजवत होता. त्याच्या पद्धतीने.

साहेबाला गाव गार साहेब म्हणायला लागलं. तो फ्रीज उघडायचा, बाही वर सारायचा आणि बर्फाच्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटायचा. ऊनच तसलं होतं, हात लवकर बाहेर काढवायचा नाही त्याला. मग म्हणायचा, "चालू स्थिती." शिक्का पडायचा. गाव मागे उभं राहून हसू दाबायचं. बघता बघता घराघरात नवे फ्रीज आले. मिस्त्रिणीचं माहेर गावातच होतं. तिच्या आईच्या घरीही आला. म्हातारी दिवसातून दहादा त्याचं दार उघडायची आणि आतला दिवा लागतो की नाही ते बघायची.

जुने फ्रीज ट्रकमध्ये भरून हमरस्त्याकडेच्या बंद गिरणीत जात होते. ते पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून तोडायचे होते. तिथे कामाला माणसं घेत होते. मिस्त्रिणीच्या धाकट्या भावाला तिथे काम लागलं.

हा भाऊ म्हणजे नुसती काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. कामाविना घरात बसून आईची बोलणी खाऊन खाऊन तो पार खचला होता. आता तो डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून बहिणीच्या दारात आला. उन्हातून आला तरी हेल्मेट काढेना.

"ताई, हातमोजेसुद्धा दिलेत. मुकादम म्हणाला, तुझा हात स्थिर आहे, तू कापायला बस."

"काय कापायला?"

"फ्रीज. मागचा डबा असतो ना खाली, काळा, त्याच्या नळ्या. ग्राइंडर लावला की ठिणग्या अशा उडतात, नुसता पाऊस!"

मिस्त्रीण चहा गाळत होती. गाळणं तिच्या हातात तसंच राहिलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री आपल्या कपातल्या चहाकडे असा बघत होता, जणू त्यात काहीतरी पडलंय.

भाऊ गेल्यावर ती म्हणाली, "अहो."

"उडून गेला असेल. किती दिवस झाले."

"तुमचा जोड कधी गळलाय?"

आयुष्यभर या माणसाने आपल्या कामाची तारीफ ऐकली की मान खाली घालून मिशीत हसायचं. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा उतरला. तो पडवीत गेला आणि बराच वेळ हत्यारं पुसत बसला. पुसण्यासारखं त्यांना काही लागलेलं नव्हतं.

ती मागोमाग गेली. "सांगून टाका मुकादमाला."

"काय सांगू? साहेबाला फसवलं म्हणून? मी आत जाईन ते जाऊ दे. घराघरातले नवे फ्रीज उचलून नेतील. तुझ्या आईचासुद्धा. गाव आपल्याला उभं करील का दारात?"

यावर ती गप्प बसली. गप्प बसल्याबद्दल पुढे तिला स्वतःचाच फार राग आला.

चार दिवसांनी पैलवान आला तो हसतच. त्याच्या भुवया नव्हत्या. कपाळाची कातडी लाल होऊन ताणली होती आणि उजव्या मनगटावर फोड आला होता. "एकदम भक्क झालं ताई! मुकादम म्हणाला, जुनं तेल असतं त्यात, पेटतं कधी कधी. सगळे म्हणतात, पैलवान आता बाईसारखा दिसतो." आणि तो पुन्हा हसला. मिस्त्रिणीने त्याच्या कपाळाला मलम लावलं. तिचं लक्ष बोटांकडे नव्हतंच, मलम त्याच्या डोळ्यात गेलं.

तिने त्याला आतल्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्याने आधी दाराकडे पाहिलं.

"कुणाला बोलू नकोस ताई. दाजींचं नाव जाईल. मी डोकं बाजूला करून कापत जाईन."

"वेड लागलंय का तुला? सोड ते काम."

"सोडून काय करू? परत आईसमोर बसू?" त्याने हेल्मेट उचललं. "आता कळलंय ना मला. कळल्यावर माणूस सांभाळतो."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतः गिरणीत गेला आणि मजुरीला उभा राहिला. बायकोही गेली. बायकांना दारांचं रबर ओढायचं आणि आतले कप्पे काढायचं काम होतं. मुकादम जाडजूड, सतत घाम पुसणारा माणूस. त्याने मिस्त्रीला ओळखलं.

"काय मिस्त्री, जन्मभर जोडत आलास. आता तोड."

माणसं हसली. मिस्त्रीही हसला, आणि ते त्याचं हसणं बायकोला बघवलं नाही. दुपारी डबा खाताना गावातलेच दोन मजूर म्हणाले, आमच्या फ्रीजला हाच पठ्ठ्या चार चार दिवस लावायचा, आता बघा कसा पटापट मोडतोय. मिस्त्रीने घास गिळला. त्याच्या तळहाताला फोड आले होते. बारीक कामाचे हात त्याचे, पहारीची सवय नव्हती.

त्याचा बेत साधा होता. आपला जोड त्याला लांबूनही ओळखू यायचा. ढिगातून तो आपले फ्रीज शोधून बाजूला काढायचा, मदत म्हणून पाठीवर घेऊन मागच्या भिंतीपलीकडे न्यायचा, जिथे वारा होता, आणि तिथे नळी मोडून गॅस उघड्यावर सोडून द्यायचा. मग रिकामा फ्रीज परत ढिगात. मुकादमाला वाटायचं, हा भिंतीमागे विडी ओढायला जातो. तशा शिव्याही मिस्त्रीने खाल्ल्या. मिस्त्रिणीचा जीव सारखा टांगणीला. रबर ओढता ओढता तिचं लक्ष भावाच्या ग्राइंडरकडे. त्याचा आवाज सुरू झाला की तिचे खांदे आखडायचे आणि थांबला की ती श्वास सोडायची. बाकीच्या बाया म्हणायच्या, हिला काय झालंय, सारखी दचकते.

मग गिरणीतलं काम आत गेलं. ढीग रस्त्यावरून दिसतो आणि वरचे कुणी पाहणीला येणार आहेत, म्हणून मुकादमाने सगळे फ्रीज शेडमध्ये रचायला लावले. कापणंही तिथेच आणि रबर ओढणंही तिथेच. धुरळा बाहेर जायला नको म्हणून शटर अर्ध्यावर ओढलं. खिडक्यांवर जुने पत्रे ठोकलेलेच होते. आत उकाड्याने माणूस शिजत होता.

"इथे वारा नाही. काम बाहेर ठेवा," मिस्त्री मुकादमाला म्हणाला.

"तुला पंखा लावून देऊ?" मुकादम म्हणाला.

बाया जमिनीवर बसून काम करायच्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांची डोकी दुखायला लागली. एकीला भोवळ आली. उन्हाने होतं, म्हणून सगळ्यांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं. उभ्याने काम करणाऱ्या गड्यांना काहीच होत नव्हतं. मिस्त्रीने हे पाहिलं. हा गॅस जड असतो, खाली बसतो, हे त्याला ठाऊक होतं. तो जिवाच्या आकांताने आपले फ्रीज उपसायला लागला. पाठ सोलून निघाली. शर्ट पाठीला चिकटायचा आणि घरी गेल्यावर मिस्त्रीण तो पाण्याने भिजवून हलक्या हाताने सोडवायची.

"किती राहिले?" ती विचारायची.

"थोडे."

एका दुपारी तो भिंतीमागून आला आणि तिच्याशेजारी टेकला. "संपले. आपला एकही राहिला नाही." त्या दुपारी तो पोटभर जेवला. बऱ्याच दिवसांनी त्याने पैलवानाची थट्टा केली, की भुवया परत येतायत, पण एकच येतेय. तिघं हसले. मिस्त्रिणीला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरापलीकडून ट्रक आले. एकामागून एक. शेड छतापर्यंत भरलं. ज्या वरच्यांची वाट बघत होते ते आले नाहीत, त्यांच्याऐवजी गार साहेब आला आणि नाकाला रुमाल लावून शटरजवळ उभा राहिला. मिस्त्रिणीने एक निळा फ्रीज पुढ्यात घेतला. दारावर कुणाच्या तरी पोराने पोपटांची चित्रं चिकटवलेली. तिने रबर ओढलं, खालचा कप्पा काढायला वाकली आणि थांबली.

हा वास तिला झोपेतसुद्धा कळला असता. शेगडीचं बटण नीट बंद झालं नाही की स्वयंपाकघरात येतो तो वास.

तिने नवऱ्याला खूण केली. तो आला, मागे वाकला. मागच्या नळीवर लुकणाचा गोळा थापलेला होता, शेंबडासारखा ओघळलेला, बोटांचे ठसेसुद्धा तसेच.

"हा आपला नाही," तो म्हणाला.

"वास आपलाच आहे."

त्याने शेजारचा फ्रीज फिरवला. त्यावर दुसऱ्या कुणाचा तरी गोळा. तिसऱ्यावर चिंधी गुंडाळून काहीतरी ओतलेलं. त्या चिंधीतून सुईच्या टोकाएवढा आवाज येत होता, फुस्स करून, सारखा. मिस्त्री उकिडवा बसला तो बसलाच. इतके दिवस त्याला वाटत होतं, ही अक्कल आपल्या एकट्यालाच सुचली. उन्हाळा सगळीकडे होता, गॅस सगळीकडे संपला होता आणि शेगडी घराघरात होती. प्रत्येक गावातल्या मिस्त्रीने एका संध्याकाळी उठून आपल्या स्वयंपाकघरातली नळी काढली होती.

शेडच्या त्या टोकाला ग्राइंडर सुरू झाला.

मिस्त्रीण किती जोरात ओरडली ते तिचं तिलाच कळलं नाही. बाया दचकून उठल्या. ती ढिगातून, कप्प्यांवरून, दारांवरून तशीच धावत गेली, घोट्याला पत्रा लागला तेही तिला कळलं नाही. तिने भावाचा दंड धरला. ग्राइंडर थांबला.

"काय झालं?" मुकादम घाम पुसत आला. "कुणाला लागलं का?"

"यात शेगडीचा गॅस आहे," मिस्त्रीण म्हणाली. तिला धाप लागली होती. "फ्रीज चालू दाखवायला भरलाय. कापू नका. माणसं मरतील."

गार साहेबाच्या नाकावरचा रुमाल खाली आला.

"कुणी भरलाय?"

तिने मागे पाहिलं नाही. नवऱ्याचं नाव तिला घ्यायचं नव्हतं, ते त्यानेच घ्यायला हवं होतं. गावातले ते दोन मजूर तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होते, गप्प बस म्हणून. त्यांच्या घरीही नवे फ्रीज होते. पैलवान हळूच म्हणाला, "ताई, जाऊ दे. मी सांभाळतो ना."

"मी भरलाय," मिस्त्री म्हणाला.

तो ढिगाच्या कडेला उभा होता. त्याचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं. मग साहेबाकडे पाहिलं. साहेब लगेच दुसरीकडे बघायला लागला. यातल्या किती फ्रीजना आपण चालू स्थिती म्हणालो, हे त्याच्या डोळ्यांपुढून जात असावं.

"ठीक आहे," मुकादम म्हणाला. "तुझं काय करायचं ते नंतर बघू. तुझे भरलेले कुठले आहेत ते बाजूला काढ. बाकीचे कापून होतील. संध्याकाळी ट्रक परत जायचेत, मला शेड रिकामं पाहिजे. पैलवान, घे हातात."

पैलवानाने ग्राइंडर उचलला. बहिणीकडे पाहून त्याने मान बाजूला करून दाखवली, बघ, मी असं करतो.

मिस्त्रीने त्या सगळ्या ढिगावरून नजर फिरवली. त्यात त्याचा एकही फ्रीज नव्हता. पाठीची साल काढून त्याने आपला शेवटचा फ्रीज कालच रिकामा केला होता. खरं बोलला असता तर तो त्या क्षणाला जवळजवळ निर्दोष ठरला असता, पण कापणंही सुरू झालं असतं. आणि दुसऱ्या गावांच्या मिस्त्र्यांचं नाव घ्यायला त्याला त्यांची नावंही माहीत नव्हती. सांगितलं असतं तरी मुकादम म्हणाला असता, तुला काय माहीत.

"सगळे," मिस्त्री म्हणाला.

"काय सगळे?"

"सगळे माझेच. इथला एकूण एक. सगळ्यांत मीच भरलाय."

"अरे, हे डोंगरापलीकडून आलेत! तू कधी गेला होतास तिकडे?"

"गेलो होतो. लोक बोलावून न्यायचे."

मजुरांत कुजबूज झाली. गावातल्या त्या दोघांतला एक तोंडातल्या तोंडात शिवी हासडून थुंकला. मुकादमाला काही पटेना. तो त्या निळ्या फ्रीजजवळ गेला, पायाने त्याने तो फिरवला आणि बोट दाखवलं. त्या ओघळलेल्या गोळ्याकडे.

"हा जोड तुझा? तुझा? माझ्या घरचा फ्रीज तू केलायस मिस्त्री. मला शिकवू नकोस."

मिस्त्रीण नवऱ्याकडे बघत होती. असलं काम दुसऱ्याच्या फ्रीजवर नुसतं दिसलं तरी तो नाक मुरडायचा आणि दिवसभर त्यावर बोलायचा. त्याने त्या गोळ्याकडे नीट पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"माझाच आहे," तो म्हणाला. "घाईत केला."

मुकादमाच्या चेहऱ्यावरचा घाम तसाच राहिला. आत्ता कुठे त्याने खाली जमिनीकडे पाहिलं, डोकं धरून बसलेल्या बायांकडे पाहिलं आणि नाक ओढून वास घेतला. त्याचा हात खिशाकडे गेला. "थांब तू. पोलिसांनाच बोलावतो," असं म्हणत त्याने फोन बाहेर काढला.

मिस्त्रीने दोन ढांगांत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"बोलवा," तो म्हणाला. "पण इथे बटण दाबू नका. आधी या बायांना बाहेर काढा, मग पोरांना. मग तुम्ही जा, रस्त्यावर उभं राहून फोन करा. मी कुठे जात नाही."